पाहुण्यांना डिस्ने-सी दाखवणे

टोकियोतल्या निशिकासाईत राहणाऱ्या मराठी माणसाला जपानी जेमतेम आली तरी निभावतं, पण डिस्ने दाखवता आलंच पाहिजे. आमचा एदोगावा वॉर्ड आणि डिस्नेचं उरायासू यांच्यामध्ये एक नदी काय ती आडवी. त्यामुळे पुण्याहून निघालेल्या प्रत्येक मामा-मामींच्या यादीत फुजीखालोखाल "ते मिकीचं, तुमच्या घराजवळच आहे ना?" हे असतंच.

पहिली अडचण अशी, की मिकीचं एक नाही, दोन आहेत. टोकियो डिस्नेलँड 15 एप्रिल 1983 ला उघडलं, टोकियो डिस्ने-सी 4 सप्टेंबर 2001 ला. तिकिटं वेगळी. नावात टोकियो, पत्ता चिबा प्रांताचा, पायाखालची जमीन समुद्रात भर घालून केलेली. आणि चालवते कोण, तर ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी. डिस्नेचा फक्त परवाना. काकांना दिवसभरात मनापासून पटणारी गोष्ट बहुधा ही एकच. "म्हणजे फ्रँचायझी म्हण की!"

एकच दिवस हाताशी असेल तर मी डिस्ने-सी सुचवतो. डिस्नेलँडमध्ये किल्ला आहे, परेड आहे, सगळं कसं चकचकीत. डिस्ने-सीचा जीव बारकाव्यांत आहे, आणि बारकावे बघायला रांगेसारखी जागा नाही. तिथे दिवसाचे दहा तास रांगेत जातात आणि राइड पाच मिनिटांत आटोपते. ज्याला रांग बघता येत नाही, त्याचे पैसे फुकट गेले म्हणायचे. पैसेही थोडेथोडके नाहीत. दिवस बघून मोठ्यांना 7900 ते 10900 येन. रुपयांत हिशोब पाहुणे स्वतःच करतात, आपण मदत करू नये.

जायचं कसं? टोकियो स्टेशनवरून केइयो लाइन घेण्याचा मोह टाळावा. तिचे फलाट स्टेशनच्या पार टोकाला, जमिनीखाली. सरकते पट्टे संपता संपत नाहीत आणि आत्याचे गुडघे तिथेच राजीनामा देतात. निशिकासाईकराने एक स्टेशन पुढे कासाईला उतरावं आणि 'शटल सेव्हन' बस धरावी. ही रिंग रोड नंबर सातवरून येते, म्हणून सेव्हन. थेट डिस्नेच्या दारात सोडते.

डिस्नेजवळच्या माइहामा स्टेशनहून मोनोरेल आहे. तिच्या खिडक्या आणि धरायच्या कड्या मिकीच्या आकाराच्या आहेत, त्यामुळे पहिले पन्नास फोटो तिथेच निघतात. पण ती एकाच दिशेने फिरते. स्टेशनं चार आणि डिस्ने-सी शेवटचं, म्हणजे चढल्यावर तिसरं. गप्पांच्या नादात स्टेशन चुकलं तर उलट गाडी नाही, अख्खी प्रदक्षिणा घालायची. पार्कच्या तिकिटात तिचं भाडं धरलेलं नसतं. रेल्वेचं सुईका कार्ड चालतं.

दाराशी बॅग तपासतात. इथे मामींच्या पिशवीतून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा निघतो. घरचा डबा आत नेऊ देत नाहीत. फाटकाबाहेर पिकनिकची जागा आहे, तिथे बसून खावं. ही गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवावी. सकाळी दारात सांगितली तर "एवढ्या पहाटे उठून केलंय मी" हे वाक्य दिवसभर सोबत चालतं. सेल्फी स्टिकलाही बंदी आहे.

फाटक सहसा छापील वेळेच्या आधीच उघडतं, म्हणून तासभर आधी उभं राहायचं. आत पाऊल टाकल्याबरोबर फोन काढायचा. सगळ्यांची तिकिटं एकाच ॲपमध्ये घेऊन ठेवलेली असावीत, कारण पाच फोनांत पाच तिकिटं म्हणजे पाच ठिकाणी विसरलेले पासवर्ड. रांग कमी करणारा मोफतचा प्रायॉरिटी पास लगेच घ्यायचा. पुढचा मिळायला दोन तास थांबावं लागू शकतं. प्रीमियर ॲक्सेस हा पैसे मोजून रांग टाळायचा प्रकार, एका राइडला माणशी 1500 ते 2000 येन. तो घ्यायचा असेल तर काकांना न सांगता घ्यावा. नेमक्या याच दहा मिनिटांत पाहुणे पाणी सांडणाऱ्या त्या फिरत्या पृथ्वीच्या गोलापुढे एकेकट्याचे, मग जोडीने, मग सगळ्यांचे फोटो मागतात.

पुढे बंदर लागतं. इटालियन घरं, खालून पोपडे उडालेल्या भिंती, फिकट झालेले रंग. काका जाहीर करतात, "मेंटेनन्स नाही." काका, तो रंगच तसा दिलाय! उन्हापावसाचे ओघळ ब्रशने काढलेत. वरच्या कित्येक खिडक्या, त्यांच्या चौकटी, चौकटींच्या सावल्या, सगळं सपाट भिंतीवरचं चित्र आहे. पार्कातल्या बनावट ज्वालामुखीच्या पोटातल्या बेटावर लोखंडाला चढलेला गंजही रंगवलेला आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात खरा गंज येऊ द्यायचा नाही आणि खोटा पुसू द्यायचा नाही, ही नोकरी कुणीतरी तिथे इमाने करतंय.

तो ज्वालामुखी 51 मीटरचा. 'टॉवर ऑफ टेरर', म्हणजे भीतीच्या मनोऱ्याचं हॉटेल 59 मीटर. जपानात 60 मीटरपासून इमारतीला विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो, आणि 1912 सालच्या न्यूयॉर्कमधल्या हॉटेलावर लुकलुकणारा दिवा कसा शोभेल?

या मनोऱ्याची रांग माझी सगळ्यांत लाडकी. अमेरिकेतल्या डिस्नेमधल्या याच नावाच्या मनोऱ्याची गोष्ट इथे नाहीच. इथला हॅरिसन हायटॉवर जगभरातून मूर्ती आणि वस्तू पळवून आणणारा श्रीमंत. 31 डिसेंबर 1899 च्या रात्री लिफ्टसकट गायब झालेला. लॉबीतली भित्तिचित्रं नीट बघा. प्रत्येकात मिशीवाला गृहस्थ काहीतरी काखोटीला मारून पळतोय आणि मागे गावकरी लागलेत. ज्या मूर्तीने त्याचा घात केला तिचं नाव शिरिकी उतुंडू. स्वाहिलीत उतुंडू म्हणजे खोडकरपणा. पण सगळं निवेदन जपानीत असतं. भाषांतर दबक्या आवाजात करावं लागतं आणि मामींना ऐकू कमी येतं. शेवटी त्या हायटॉवरच्या तसबिरीला नमस्कार करतात. हॉटेलचे संस्थापक समजून.

उंचीची अट आधी बघा. मनोऱ्याला 102 सेंटिमीटर पुरतात. ज्वालामुखीतल्या गाडीला आणि इंडियाना जोन्सला 117 लागतात. दीड तास उभं राहून नातू 115 भरला, तर त्याच्याइतकेच आजोबाही रडकुंडीला येतात. ज्वालामुखीतली गाडी शेवटी ताशी 75 किलोमीटरने बाहेर फेकते. तेव्हा आजोबांचा चष्मा खिशात हवा.

दमलेल्यांना पाणबुडीत बसवावं. छोटी, सहा जणांची. एका मूठीने बाहेरचा दिवा फिरवता येतो. समुद्रतळाला चाललोय अशी खात्री पटते, पण पाणबुडी पाण्यात उतरतच नाही. खिडकीला दुहेरी काच आहे, पाणी तेवढं दोन काचांच्या मध्ये, आणि त्यात बुडबुडे सोडतात. बाकी सगळं कोरडं, गाडी वरच्या रुळाला लटकलेली. हे मी बाहेर आल्यावरच सांगतो, कारण आत्या आत देवाचं नाव घेत असतात आणि त्यात व्यत्यय नको.

'सोअरिंग'ची रांग दोन तासांचीही होते. जगभर उडवून आणतात, वास सोडतात, आणि मध्येच समोर येतो ताजमहाल. "यासाठी इतक्या लांब आणलंस?" त्यात कडेची जागा मिळाली असेल तर पडदा घुमटासारखा असल्यामुळे मनोरे वाकडे दिसतात. मधली रांग विनंती करून मागावी, कधीकधी देतात.

जेवणासाठी अरेबियन कोस्ट. तिथे नान आणि करी मिळते. शाकाहाऱ्यांनी करीत काय आहे ते विचारूनच घ्यावं. शेजारी सिंदबादची होडी आहे. त्याच्यासोबत 2007 पासून वाघाचा एक बछडा असतो, नाव चंदू. अख्ख्या दिवसात पाहुण्यांना परक्या न वाटणाऱ्या गोष्टी दोनच, चंदू आणि करीच्या चवीचे पॉपकॉर्न. त्या पॉपकॉर्नलाही वेगळी रांग असते.

एव्हाना कुणीतरी लपलेल्या मिकीचं सांगून ठेवलेलं असतं. एक मोठं वर्तुळ, वर दोन लहान. दगडात, नक्षीत, कुठेही. एकदा हे डोळ्यांत बसलं की संपलं. मग कचऱ्याच्या झाकणात मिकी, मॅनहोलमध्ये मिकी, दुसऱ्या दिवशी इडलीपात्रात मिकी. झाडणाऱ्यांपैकी एखादा खरोखरच ओल्या झाडूने जमिनीवर मिकी काढून दाखवतो, आणि तो वाळेपर्यंत आपली माणसं तिथून हलत नाहीत.

रात्री बंदरावरचा शो वाऱ्यामुळे रद्द होऊ शकतो. आकाश स्वच्छ, चांदणं पडलेलं, आणि खाडीवर वारा. पाहुण्यांना वाटतं आपणच कुठेतरी वेळ चुकवली. जपानी मंडळी मात्र शांतपणे घरी जातात.

शेवटी उरतात पॉपकॉर्नच्या बादल्या. प्रत्येक पाहुणा एक घेतो, कारण बादली आणली की पुढच्या वेळी नुसते दाणे स्वस्तात भरून मिळतात. बॅगेत मावत नाही म्हणून बादली आमच्याकडेच राहते. फेकवत नाही, झाकण घट्ट आहे, गळ्यात अडकवायला पट्टासुद्धा आहे. आमच्या निशिकासाईच्या स्वयंपाकघरात सध्या मिकीत रवा आहे, चंदूत पोहे आणि डफी अस्वलात साबुदाणा.