खुबा बदलल्यावर सहा आठवडे पलंग? चूक आहे

वडोदऱ्यातल्या मराठी घरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: खुब्याचा सांधा बदलला की सहा आठवडे पलंग सोडायचा नाही, नाहीतर सांधा निखळतो. हे चूक आहे. बहुतेकांना त्याच किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून पलंगावरही जागेपणी दर तासाला १०-१२ वेळा पावलं वर-खाली हलवावीत.

सांधा निखळतो तो बहुधा चुकीचं वाकल्याने, वळल्याने. विशेषतः मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळणं टाळा. म्हणजे पाट नको, भारतीय संडास नको आणि हो, आपला लाडका झोपाळाही तूर्त नको. बसता बसता तो मागे सरकतो नि तोल जातो. खुर्ची हातांची, गुडघ्यापेक्षा उंच हवी. उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवून हातांवर जोर द्या.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. भार किती टाकायचा, ते सर्जनना विचारा.

एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, अचानक धाप, किंवा पाय एकाएकी आखूड वाटून टेकवेनासा झाला, तर लगेच हॉस्पिटल गाठा.