पाळी येण्याची वाट बघू नका : बाळंतिणींमध्ये फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात भाचीने एक मेसेज पाठवला. तिच्या बाळंतपणाला दोन महिने होत आलेत, अजून माहेरीच आहे. चुलतसासूबाईंनी घरच्या ग्रुपवर टाकलेला हा मजकूर वाचून तिने तांबी (कॉपर टी) बसवायला घेतलेली डॉक्टरांची वेळ रद्दही करून टाकली. खाली एवढंच विचारलं होतं, "मावशी, थांबले तर चालेल ना?" चालणार नाही, असं तिला लगेच फोन करून सांगितलं. पण तोच मेसेज दोन दिवसांत आणखी दोघीतिघींकडे दिसला, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून झाली आहे आणि या मजकुरातला शब्द न् शब्द मी बायकांच्या तोंडून ऐकला आहे.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सारांश. एक, बाई अंगावर पाजते तोवर, अगदी दोन वर्षंसुद्धा, दिवस राहत नाहीत. दोन, पाळी सुरू झालेली नसेल तर काहीही वापरायची गरज नाही. तीन, तांबी पोटात वर चढते, तिने कॅन्सर होतो आणि पुढे मूल होत नाही. चार, कुठलीही गोळी किंवा इंजेक्शन घेतलं की दूध आटतं. पाच, ऑपरेशन करायचंच तर बाईने करावं, पुरुषाला कमजोरी येते. सहा, पाळी आल्यावर एरंडीची सोललेली बी गिळली की वर्षभर चिंता नाही. शेवटी, हा मेसेज दहा बाळंतिणींना पाठवा.

पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. बाळ वारंवार दूध ओढतं तेव्हा आईच्या मेंदूकडून बीजकोशाला जाणारे इशारे मंदावतात आणि बीज सुटणं लांबतं. १९८८ साली इटलीत बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी यावर एकमत नोंदवलं आणि त्यातूनच स्तनपानावर आधारलेली एक रीतसर पद्धत उभी राहिली. ती नीट पाळली तर पहिल्या सहा महिन्यांत शंभरातल्या जेमतेम दोघींना दिवस राहतात. मात्र तिच्या तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी पाळल्या जाव्या लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी आलेली नसावी. आणि बाळ पूर्णपणे अंगावरच्या दुधावर हवं, तेही दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त खंड न पडता. मेसेज लिहिणाऱ्याने या तिन्ही अटी गाळल्या आणि सहा महिन्यांची दोन वर्षं केली.

आता आपल्याकडचं घर बघा. आंघोळीनंतर सहाणेवर जायफळ, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग यांचे वेढे उगाळून गुटी चाटवतात. त्या चाटणाने लगेच अट मोडते असं नाही, जरी तेवढ्या लहान बाळाला तीही देऊ नये असंच मी सांगेन. पण उन्हाळ्यात घसा सुकतो म्हणून चमच्याने पाणी सुरू होतं. बाळंतिणीला झोप मिळावी म्हणून आजी रात्री वाटीचमच्याने वरचं दूध पाजते. सुटी संपून आई कामाला लागली की दुपारच्या दोन वेळा जातात. हे सगळं मायेने किंवा गरजेपोटी होतं, त्यात कुणाचा दोष नाही. अट मात्र मोडलेली असते आणि बाई समजते, मी तर अंगावर पाजते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी ६३.७ टक्केच बाळं निव्वळ अंगावरच्या दुधावर होती. म्हणजे तीनातल्या एका आईला ही पद्धत लागूच नाही. उष्टावण झालं की तर कुणालाच नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यांत घातक आहे, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पाळी आली की बघू. अहो, बीज आधी सुटतं आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते! त्या बीजातून गर्भ राहिला नाही, म्हणून पाळी येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्याच बीजाला दिवस राहिले तर जिची वाट बघत बसायचं ती पाळी येणारच नाही. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नीट अंगावर असेल तर बऱ्याच जणींना बीज सुटण्याआधी एखादी पाळी येऊन जाते, पण त्यानंतर तो भरवसा उरत नाही. जी आई अंगावर पाजतच नाही, तिचं बीज चौथ्या आठवड्यातही सुटू शकतं, म्हणजे सव्वा महिन्याची आंघोळ व्हायच्या आत. म्हणूनच अशा आईने एकविसाव्या दिवसापासून काहीतरी वापरावं असं सांगतात.

याचं पुढे काय होतं ते वॉर्डात दिसतं. कडेवर नऊ-दहा महिन्यांचं मूल घेऊन बाई ओपीडीत येते. पोटात वायूचा गोळा फिरतो म्हणते, ओव्याची पूड खाऊन झालेली असते. टेबलावर झोपवून पोटाला हात लावला की सिस्टरला कळतं, गर्भाशय बेंबीपर्यंत आलं आहे. सोनोग्राफीत वीस आठवडे निघतात. तिला सांगितलं की ती आधी नवऱ्याकडे बघते आणि मग म्हणते, "पण मला पाळी आलीच नव्हती ओ सिस्टर!" खरंच आलेली नसते. पाळी चुकली हे कळायला आधी ती सुरू तर व्हायला हवी. अशा बाईच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली, तरी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं आणि त्यापुढे चोवीसपर्यंत ठरावीक गटांतल्या बायकांनाच परवानगी आहे, तीही दोन डॉक्टरांच्या मताने. रक्त आधीच्या बाळंतपणातच कमी झालेलं, कडेवरचं मूल अजून दुधावर, आणि पोटात दुसरं.

जागतिक आरोग्य संघटना एका जिवंत जन्मानंतर पुढच्या गर्भासाठी किमान २४ महिने थांबायला सांगते. अंतर कमी पडलं तर बाळ वेळेआधी होणं, वजनाला कमी भरणं, हे धोके वाढतात. सिझेरियन झालेलं असेल तर गर्भाशयावरची जुनी शिवण कळांच्या वेळी उसवण्याचा धोकाही वाढतो. पाळणा लांबवायचा तो यासाठी, आणि ते ठरवायचं असतं पाळी येण्याच्या आधी.

तिसरा मुद्दा, तांबी. ती प्लास्टिकची, टी आकाराची असते. काडेपेटीतल्या काडीपेक्षाही थोडी आखूड, ३६ मिलिमीटर. तिच्यावर तांब्याची तार आणि नळ्या असतात, आणि कॉपर टी ३८० मधला ३८० म्हणजे त्या तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. ती गर्भाशयात बसते. तिथून छातीपर्यंत जायला वाटच नाही. बसवताना गर्भाशयाच्या भिंतीला छिद्र पडून ती पोटाच्या पोकळीत जाऊ शकते हे खरं, पण ते हजारात एखाद्या वेळी, आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांमध्ये त्याहून बरंच जास्त. म्हणून बसवणारा हात सरावाचा हवा. कॅन्सर तिने होत नाही. उलट तांबी वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळला आहे. आणि पुढे मूल होत नाही म्हणावं तर काढल्यानंतर लगेच दिवस राहू शकतात.

अंगावरून जास्त जाणं आणि ओटीपोटात कळा येणं हे मात्र पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणींना होतं. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच खाली आहे त्यांनी ते डॉक्टरांशी आधी बोलावं. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याचं प्रमाण नंतर बसवलेल्यापेक्षा जास्त असतं, हेही सांगायला हवं. वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत बसवतात. ती वेळ गेली तर मग आपल्याकडे सहा आठवड्यांनी. लगेच बसवलेल्या तांबीचे दोरे सुरुवातीला हाताला लागत नाहीत, गर्भाशय आकसतं तसे ते हळूहळू खाली येतात आणि सहा आठवड्यांच्या तपासणीत कापून बेताचे करतात. सिझेरियनच्या वेळी बसवली असेल तर दोरे कधी खाली येतच नाहीत, मग सोनोग्राफीत बघावं लागतं. "वर चढली" ही अफवा बहुतेक वेळा या न सापडलेल्या दोऱ्यातून जन्मते, कारण सहा आठवड्यांनी दाखवायला या असं बाईला कुणी धड सांगितलेलं नसतं. काही ठिकाणी तर नीट न विचारताच बसवली गेल्याच्या तक्रारी मी स्वतः ऐकल्या आहेत. ते चूकच आहे. कळांच्या मधे पुढ्यात कागद ठेवून घेतलेला अंगठा म्हणजे संमती नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीतच हे बोलणं झालं पाहिजे, नवऱ्यासमोरही आणि तो नसतानाही.

चौथा मुद्दा सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरतो. इथे एक कागद पुरेसा आहे : गर्भनिरोधक कुणाला चालतं आणि कुणाला नाही यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले वैद्यकीय निकष, २०१५ ची पाचवी आवृत्ती. त्यात प्रत्येक साधनाला एक ते चार असा दर्जा दिलाय. एक म्हणजे बिनधास्त वापरा, चार म्हणजे अजिबात नको. माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली मिश्र गोळी अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा आठवड्यांत चौथ्या दर्जात आहे आणि सहा महिन्यांपर्यंत तिसऱ्यात. दुधावर परिणाम होऊ शकतो, शिवाय बाळंतपणानंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका आधीच वाढलेला असतो. तेव्हा माला-एनपुरतं मेसेजचं म्हणणं मान्य. पण त्याच निकषांत अंतरा, म्हणजे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन, सहा आठवड्यांनंतर पाजणाऱ्या आईला पहिल्या दर्जात आहे. त्याने पाळी अनियमित होते किंवा बंद होते आणि सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात, हे ऐकून मग ठरवावं. पुढच्या वर्षी मूल हवं असणाऱ्या बाईसाठी ते योग्य नाही. छाया या गोळीत तर हार्मोनच नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. पाजणाऱ्या आईला चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. वार मात्र चुकवायचा नाही.

पाचव्या मुद्द्यावर फार लिहायची इच्छा नाही, पण त्याच सर्वेक्षणातले दोन आकडे देते. देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं आहे. ज्यांच्या नवऱ्याने नसबंदी केली त्या ०.३ टक्के. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी पंधरा-वीस मिनिटांची, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती. शुक्रजंतू वाहून नेणारी नळी बंद होते. अंडकोष आणि त्यात तयार होणारं हार्मोन जसंच्या तसं राहतं, ताकद त्यातूनच येते. तीन महिने आणि वीर्याची तपासणी होईपर्यंत निरोध वापरायचा, एवढंच पथ्य. नऊ महिने पोटात वाढवून, कळा देऊन किंवा पोट कापून घेऊन आलेल्या बाईनेच पुन्हा टेबलावर चढावं, असं सांगणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

राहिली एरंडी. तिच्या बीत रायसिन नावाचं विष असतं आणि त्यावर उतारा नाही. अख्खी बी गिळली तर टणक सालामुळे ती कधी तशीच बाहेर पडते. मेसेज नेमकी सोलायला सांगतो. त्या बीने वर्षभर दिवस राहत नाहीत याला कसलाही आधार नाही, आणि घरात रांगणारं मूल असताना अशा बिया डब्यात ठेवणं भयंकर आहे. कुणी गिळली असेल, उलट्या-जुलाब सुरू होण्याची वाट न बघता दवाखान्यात जा.

आणि हा मेसेज वाचून जी थांबून राहिली असेल तिच्यासाठी. बाळ सहा महिन्यांच्या पुढे गेलंय किंवा वरचं दूध सुरू झालंय, काही वापरलेलं नाही आणि पाळीही नाही, तर आधी लघवीची तपासणी करून घे. निश्चय किट आशाताईंकडे मिळतं. संबंध येऊन तीन दिवसांच्या आत असशील तर तातडीची गोळी अंगावर पाजतानाही चालते. तपासणीत काही निघालं नाही तरी तेवढ्यावर थांबू नकोस, कारण अगदी सुरुवातीचा गर्भ त्यात दिसत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा कर आणि तोपर्यंत निरोध वापर.