राजाच्या सनदेत जे लिहिलेलं नसतं

आज सकाळपासून तीन गटांवर एकच चित्र येऊन पडलंय. जुनाट पोर्तुगीज कागदाचा फोटो आणि खाली ओळ: 'पोर्तुगालच्या राजाने मुंबई बेट एका ज्यू वैद्याला बक्षीस दिलं होतं. मग कसला छळ?' पुढे पाठवणाऱ्यांत दोघं अशी आहेत ज्यांच्या वाचनाबद्दल मला आदर आहे. म्हणून राहवत नाही. लांबेल, पण वाचा.

तो वैद्य म्हणजे गार्सिया द ऑर्ता. जन्म १५०१ च्या आसपास, गाव कास्तेलो द व्हिद. आईवडील मूळचे स्पेनमधले. १४९२ साली तिथून हाकलले गेले आणि पोर्तुगालमध्ये १४९७ साली सक्तीने बाप्तिस्मा झाला. मुलगा सालामांका आणि अल्कालाला शिकला, १५३४ साली मार्तिम आफोन्सो द सौझाबरोबर गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींच्या ग्रंथात तो स्वतःच लिहितो की मुंबईची जमीन आणि बेट राजाने आपल्याला 'मेर्से' केलं, 'फातिओता'ने.

मेर्से म्हणजे राजाची मेहरबानी. फातिओता म्हणजे कायमचा, वारसांकडे जाणारा पट्टा, ज्यावर दरसाल ठरलेला खंड भरायचा असतो. बक्षीस कुठून आलं यात? मेर्से हा शब्द बघून कुणीतरी 'बक्षीस' लिहिलं, पुढचा शब्द वाचलाच नाही.

आणि चित्रात जे नाही ते. ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ ला, त्याची बहीण कातारिना चोरून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, शिक्षेने गोव्यात जाळली गेली. १५८० च्या डिसेंबरात त्याची स्वतःची हाडं थडग्यातून उकरून जाळली. ज्या सत्तेने पट्टा दिला तिच्याच अमलाखाली. 'मग कसला छळ' लिहिणाऱ्याने ही तीन सालं एका ओळीत मांडून दाखवावीत.

माझ्या ओळखीत इतिहासाची एक विद्यार्थिनी आहे. लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या दप्तरखान्याच्या ऑनलाइन सूचीत तिने 'जुदेउ', म्हणजे ज्यू, हा शब्द टाकून शोध घेतला. पंधराव्या शतकातल्या नोंदी भराभर आल्या: अमुक ज्यू शिंपी, तमुक ज्यू वैद्य, याला परवाना, त्याला माफी. आणि १४९७ नंतर ओहोटी. तिने निष्कर्ष काढला की माणसं देश सोडून गेली.

बहुतेक गेली नाहीत. शब्द गेला. बाप्तिस्मा झाल्यावर कायद्याने कुणी ज्यू उरलाच नाही. त्यामुळे राजाच्या कचेरीतला कारकून नवं नाव लिहितो आणि थांबतो. १५२६ साली ऑर्ताला वैद्यकीचा परवाना मिळाला, तो कुठल्याही जुन्या, म्हणजे पिढीजात, ख्रिस्ती वैद्याच्या परवान्यासारखाच. त्या मुलीवर माझा राग नाही. तिने निदान स्वतः जाऊन शोधलं. फॉरवर्डवाल्यांनी तेवढंही केलं नाही.

तर हे कागद कसे वाचायचे ते सांगते.

मूळ सनद ज्याला मिळाली त्याच्या घरी जायची. दप्तरखान्यात असते ती नोंदवहीतली नक्कल, आणि प्रत्येक सनदेची नक्कल उतरलीच असेल असं नाही. म्हणून 'नोंद नाही म्हणजे दिलंच नाही' हे कधीही म्हणू नये. वह्या राजागणिक लावलेल्या. नोंदीची सुरुवात राजाच्या नावाने, लगेच 'इत्यादी' म्हणून किताब गाळलेले. मग कारण, बहुतेक वेळा नुसतं 'त्याने केलेल्या सेवा लक्षात घेऊन'. मग रक्कम, कुठल्या ठाण्याच्या महसुलातून, कधीपासून, शेवटी तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव. पेशवे दप्तरातली सनद वाचलेल्याला हा साचा परका वाटणार नाही.

पहिली ठेच लागते ती नावात. जुन्या सूच्या पहिल्या नावाने लावलेल्या असतात, आडनावाने नव्हे. ऑर्ता शोधायचा तर 'गार्सिया'खाली. तिथेही दोर्ता, द ओर्ता, नुसता मेस्त्रे गार्सिया, जे कारकुनाच्या कानाला आलं ते.

दुसरी आकड्यात. हजार दाखवायला इंग्रजी यू अक्षरासारखं चिन्ह असतं. वीस, मग ते चिन्ह, मग शून्यं, म्हणजे वीस हजार रेइश, हे तिथलं नाणं. नवखा माणूस ते चिन्ह म्हणजे शाईचा फटकारा समजतो आणि वीस रेइश लिहून मोकळा होतो. क्रुझादो हे मोठं नाणं म्हणजे ४०० रेइश, हे पाठ असू द्यावं.

तिसरी सगळ्यात वाईट: विकलेली गोष्ट कृपा म्हणून मोजणं. 'तेंसा' म्हणजे राजाने लावून दिलेली सालाना नेमणूक, ती खरी मेहरबानी. पण 'पाद्रांव द जुरो' हा कर्जरोखा. माणूस राजाला भांडवल देतो आणि दरसाल व्याज घेतो. '१६ ला हजार' असं लिहिलेलं असतं, म्हणजे १६ रेइश भांडवलाला १ रेइश, शेकडा सव्वासहा. तोही राजाच्याच नावाने, तशाच गोड भाषेत. नवख्रिस्ती, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या ज्यू घराण्यातल्या, व्यापाऱ्याच्या नावावर असा रोखा दिसला की 'बघा, राजाने केवढी खैरात केली' म्हणायचं? पैसे त्याने राजाला दिलेत!

चौथी, समास. मूळ मजकूर वाचून लोक पान उलटतात. नेमणूक बंद झाली, दुसऱ्याच्या नावावर गेली, मुलीच्या हुंड्यासाठी सोडून दिली, हे सगळं नंतरच्या हाताने, वेगळ्या शाईत, समासात चिकटवलेलं असतं. समास वाचला नाही तर मेलेल्या माणसाला आणखी वीस वर्षं पगार चालू ठेवाल.

आता मूळ प्रश्न. सनदेत कूळ नाही, तर ते कळायचं कुठून? दुसऱ्या कपाटातून. राजाने कुणाला ख्रिस्त-पंथाचा, म्हणजे एका मानाच्या सरदारसंघाचा, झगा मेर्से केला की काम तिथे संपत नसे. १५७० पासून रक्तशुद्धीची चौकशी लागायची. उमेदवाराने आईवडील, दोन्हीकडचे आजीआजोबा आणि त्यांची जन्मगावं लिहून द्यायची. मग त्या गावांत माणूस जाऊन म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचा: हा ज्यू किंवा मूर, म्हणजे मुसलमान, वंशाचा आहे का, तशी कुजबुज आहे का? ही बाडंसुद्धा पहिल्या नावाच्या अक्षराने, मग गठ्ठा, मग क्रमांक अशी लावलेली.

आणि इथे फार सांभाळून वाचायचं. 'सार्वजनिक बोलवा' हा तिथे पुरावा मानला जाई. गावातलं एक जुनं भांडण एखाद्याच्या आजीला ज्यू ठरवायला पुरे. उलट नवख्रिस्ती घरातला श्रीमंत माणूस ओळखीचे साक्षीदार उभे करून निर्मळ ठरायचा. म्हणजे नापास झालेला ज्यू वंशाचा होताच असं नाही आणि पास झालेला नव्हताच असंही नाही.

त्याहून भरवशाची जागा इन्क्विझिशनच्या खटल्यात. आरोपीला एक बैठक फक्त वंशावळीची. आजीआजोबा, काका-मावश्या, भावंडं, मुलं, कोण जिवंत, कोण कुठे. अर्धा नवख्रिस्ती, पाव नवख्रिस्ती असे हिशेबही लिहिलेले. सनदेतलं नाव आणि या बैठकीतलं नाव, दोन्हीकडे गाव, धंदा, बायकोचं नाव जुळलं तरच माणूस एक धरायचा. नुसतं नाव जुळून भागत नाही. त्या काळात मानुएल रॉद्रिगिश किती असतील!

हे लिहिताना कातारिना डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑर्ताबद्दल आपल्याला जे घरातलं ठाऊक आहे, तो मोझेसचा, म्हणजे ज्यू, धर्म मानायचा हे, ते घरच्यांच्याच जबान्यांतून आलं. कैदेत घेतलेल्या जबान्या. त्या वाचताना हात थरथरला पाहिजे. बहिणीच्या तोंडून काढून घेतलेलं वाक्य आपण आज 'माहिती' म्हणून वापरतो. वापरावंच लागतं, दुसरं काही उरलेलं नाही. गोव्याच्या इन्क्विझिशनचं दप्तर बहुतांश नष्ट झालं. १६२३ साली तयार झालेली सुमारे ३,८०० खटल्यांची सूची हाती आहे, खटले नाहीत. नाव, आरोप, शिक्षा. एकेक माणूस दोन-तीन ओळींत.

राजांनी काहींना वाचवलं हे खरं आहे. मान्य. मे १४९७ मध्ये पोर्तुगालच्या मानुएलने नवख्रिस्त्यांना वीस वर्षं धर्माची चौकशी होणार नाही असं लिहून दिलं. त्याच महिन्यात आरागॉनच्या फर्डिनांडने कोलंबसच्या सफरीसाठी पैसा उभा करणाऱ्या लुईस द सांतान्खेलला आणि त्याच्या घराण्याला इन्क्विझिशनपासून मोकळं केलं.

पण त्या कृपेची किंमत आणि मुदत बघा ना! १६०५ ची इन्क्विझिशनच्या आरोपांतून सार्वत्रिक माफी नवख्रिस्त्यांनी १७ लाख क्रुझादो मोजून घेतली, म्हणजे ६८ कोटी रेइश. १६४९ साली ब्राझीलच्या व्यापारी कंपनीत त्यांचा पैसा हवा होता, तेव्हा चौथ्या जुआंवने शिक्षा झालेल्यांची मालमत्ता जप्त होणार नाही असं फर्मान काढलं. राजा १६५६ मध्ये मेला, १६५७ मध्ये फर्मान रद्द. तोवर ज्यांनी त्याच्या भरवशावर पैसा घातला त्यांचं काय? राजाला गरज होती तोवर कागद जिवंत. आणि अशा कागदाचा फोटो लावून तुम्ही आज सहिष्णुतेचा दाखला देता?

दुसऱ्या टोकाचे लोकही तितकेच चुकतात, आणि आज त्यांनीही त्या चित्राखाली हजेरी लावली आहे. 'परेरा, ऑलिव्हेरा ही झाडांची नावं, म्हणजे ज्यू.' कृपा करून हे थांबवा. १४९७ मध्ये बाप्तिस्मा घेणाऱ्यांना जुन्या ख्रिस्त्यांचीच आडनावं मिळाली, बऱ्याचदा धर्मपित्याची. म्हणून तर ती आडनावं काही सांगत नाहीत. आपल्या गोव्यातल्या परेरांना तर ते नाव बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीकडून किंवा धर्मपित्याकडून आलं. त्यांच्या वंशाशी लिस्बनच्या ज्यूंचा काय संबंध? आडनावावरून माणसाचं रक्त ठरवायचा उद्योग ज्यांनी केला त्यांचीच ही री ओढणं आहे. पोर्तुगालमध्ये नवख्रिस्त्यांवर बसवलेल्या करांच्या याद्या वंश हुडकायला वापरल्या जात. १७६८ साली राजाचा मंत्री पोंबाल याने त्या नष्ट करायला लावल्या आणि १७७३ मध्ये जुना-नवा ख्रिस्ती हा भेदच कायद्याने मोडला. अभ्यासकाला त्या याद्या गेल्याचं वाईट वाटतं. मला नाही वाटत.

सकाळी ज्या रागाने बसले होते तो आता ओसरलाय. चित्र पाठवणाऱ्या दोघांना मी वेगळं लिहिलंय, इथे नावं घेणार नाही. त्यातल्या एकांनी विचारलं की मग मुंबईचा पट्टा हा ऑर्ताचा सन्मान नव्हता का. होता. वर्षानुवर्षं गोव्यात राबलेल्या वैद्याचा सन्मान होता. त्या बेटावरच्या आपल्या आंब्यांबद्दल त्याने कौतुकाने लिहिलंय. तेच हात, तेच शरीर, बारा वर्षं मातीत पडून होतं तेव्हा उकरून काढलं.

ती विद्यार्थिनी मघाशी पुन्हा बोलली. ऑर्ता सूचीत सापडत नाही म्हणे, ओ अक्षर पूर्ण पालथं घातलं. तिला सांगितलंय, 'जी' काढ, गार्सिया बघ, आणि पान मिळालं की आधी समासाचा फोटो पाठव.