कूलरची बचत मुद्दलात जाऊ द्या

एका लेखात म्हटलंय, एसी २६ अंशांवर ठेवा, वीजबिल वाचेल आणि गृहकर्ज लवकर फिटेल. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, एसीपेक्षा कूलरच परवडतो. हवा कोरडी, वाळ्याच्या ताट्या भिजल्या की खोली गारेगार. फक्त समोरची खिडकी उघडी हवी. (जुलैत मात्र नुसती चिकचिक.) एसीमुळे महिन्याला ३०० युनिट ओलांडले की विजेचा दरही चढतो.

पण बिल कमी आलं म्हणून कर्ज फिटत नाही, वाचलेला पैसा मुद्दलात भरावा लागतो. फ्लोटिंग (म्हणजे बदलत्या) दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड नाही. हप्ता तोच ठेवून मुदत घटवा, असं बँकेला लेखीच द्या. सुरुवातीच्या वर्षांत हप्ता बहुतेक व्याजातच जातो, तेव्हाच भरा.

बिल कमी करायला छतावर सौर पॅनल बसवायचे तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, पण आमची गच्ची सामायिक. गाडं तिथंच अडलंय.