संत व्हायचंय? आधी कुत्रा निवडा

संत व्हायचा विचार पक्का असेल तर उपासतापास सावकाश करा, आधी एक बरासा कुत्रा बघा. मूर्तीखालचं नाव वाचायला कोण वाकतंय? लोक तुम्हाला ओळखणार ते कुत्र्यावरूनच.

संत रॉकचं उदाहरण घ्या. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता हा फ्रेंच यात्रेकरू स्वतःच आजारी पडला आणि रानात जाऊन राहिला. तिथे एक कुत्रा त्याला रोज पाव आणून देई, अशी कथा. तेव्हापासून चित्रकारांनी त्याला एकाच अवतारात उभं केलंय: झगा वर केलेला, मांडीवरची गाठ उघडी, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. कुत्रा पुसून टाका, उरतो तो चारचौघांत मांडी दाखवणारा इसम.

असा कुत्रा नाही मिळाला तर आईला स्वप्न बघायला सांगा. संत डॉमिनिकच्या आईला त्याच्या जन्माआधी तोंडात जळती मशाल धरलेला कुत्रा दिसला होता म्हणे. १२१६ साली त्याच्या डॉमिनिकन पंथाला पोपची मान्यता मिळाली, आणि पंथाच्या नावावर लॅटिनमध्ये कोटीही झाली: ‘डोमिनी कानेस’, देवाचे कुत्रे. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेलातल्या भित्तिचित्रात ते दिसतात. पंथाच्या झग्यासारखेच काळे-पांढरे, लांडग्यांवर तुटून पडलेले. लांडगे म्हणजे अर्थातच पाखंडी.

पथ्य एकच, कुत्र्याला काहीतरी अर्थ हवा. दत्ताच्या पायाशी चौघांना जागा आहे, कारण ते चार वेद. युधिष्ठिरामागून आलेल्या कुत्र्याला इंद्र स्वर्गात घेईना. तो साक्षात धर्म निघाला तेव्हा कुठे प्रश्न मिटला. व्हेनिसमध्ये कार्पाच्योने रंगवलेल्या संत ऑगस्टीनच्या अभ्यासिकेत मोकळ्या फरशीवर एक पांढरं, झिपरं कुत्रं बसलंय. संताची लेखणी हवेत थबकलेली, नजर खिडकीतल्या उजेडाकडे, कुत्र्याचीही तिकडेच. अभ्यासक त्यात निष्ठा शोधतात, श्रद्धा शोधतात. मला तर ते ‘फिरायला कधी निघायचं?’ असं विचारताना दिसतं. पण हे बोलू नका, चित्राची किंमत उतरेल.

आणि कुत्र्याला स्वतः संत होऊ देऊ नका. फ्रान्समधल्या लियोंजवळच्या गिनफोर नावाच्या कुत्र्याने ती चूक केली. गोष्ट आपल्या पंचतंत्रातल्या मुंगसाचीच: पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवलं, रक्ताळलेलं तोंड बघून मालकाने त्यालाच मारलं. मग गावातल्या आया आजारी पोरं घेऊन त्याच्या थडग्याशी जाऊ लागल्या. १२५०च्या सुमारास धर्मचौकशी करणाऱ्या एतिएन द बूर्बोंने त्याची हाडं उकरून जाळली, भोवतालची झाडंही तोडायला लावली. हा एतिएन डॉमिनिकन, म्हणजे देवाचा कुत्रा.

आया पुढेही कित्येक शतकं तिथे जातच राहिल्या. आयांना कोण आवरणार? तुम्ही मात्र पाव आणणाराच बघा. बाळं राखणारा नको.