लिही लिही म्हणून मूल लिहीत नाही

लहान मुलांच्या आईबाबांकडून हे इतक्यांदा ऐकते की बाकी सगळ्यात हुशार आहे हो, पण लिहायला बस म्हटलं की लगेच तहान लागते, शू येते, पेन्सिलचं टोक मोडतं. मग आळशी, कामचुकार असले शिक्के बसतात आणि ते मुलाच्या समोरच बोललं जातं याचा मला खरंच राग येतो. चार-पाच वर्षांचं पोर लिहायला टाळतं तेव्हा बहुतेक वेळा एक तर त्याचा हात दुखत असतो, नाहीतर हे सगळं कशासाठी चाललंय ते त्याला कळत नसतं.

हाताचं म्हणाल तर गोल साधारण तिसऱ्या वर्षी बघून काढता येतो, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास आणि त्रिकोण पाचव्याच्या, कारण तिरपी रेघ सगळ्यात उशिरा जमते. आता ज्याला त्रिकोण जमत नाही त्याच्यासमोर क्ष आणि ज्ञ ठेवून पान भर म्हटलं तर ते काय करणार? ग म भ न हा क्रम उगाच लावलेला नाही, चारही अक्षरांत उभी रेघ तीच, डावीकडचं तेवढं बदलतं. वही उघडायच्या आधी मातीचे गोळे, कात्री, मणी ओवणं, कपड्यांचे चिमटे हे भरपूर होऊ दे. बोटांत जोर तिथूनच येतो. आणि पेन्सिल लांबलचक देऊ नका, खडूचा किंवा क्रेयॉनचा छोटा तुकडा द्या, मूठ करून धरताच येत नाही त्यामुळे तीन बोटांची पकड आपोआप येते.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळं आहे, मुलाला लिहायला काहीतरी खरं कारण पाहिजे. माझ्या लेकीने ठोकळ्यांचा उंच मनोरा केला होता आणि तो कुणी पाडू नये म्हणून तिला पाटी लावायची होती. कागदावर 'हत लउ नय' असं लिहिलं, एकही काना-मात्रा नाही, ल उलटा, आणि वरची रेघ ओढताना पेन्सिल इतकी दाबली की खालच्या पानांवर ठसे उठले. तीच मुलगी, जी वहीत एक ओळ लिहायला रडते! आम्ही काहीही दुरुस्त केलं नाही, फक्त वाचलं आणि मनोऱ्याला हात लावला नाही. आपण लिहिलं आणि मोठी माणसं थांबली, एवढं कळलं की पुढे आजीला चिठ्ठी, सामानाच्या यादीत दोन शब्द, खेळण्यांच्या डब्यांवर नावं असं काहीही मूल आपणहून मागून घेतं. त्यात उलटी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास येतात, त्यासाठी दर मिनिटाला खोडरबर पुढे करू नका प्लीज.

बक्षिसाबद्दल पण बोलायचंय, कारण 'पान पूर्ण केलंस तर अमुक देईन' हे घरोघरी चालतं. 1973 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना सर्टिफिकेट आधी कबूल केलं होतं ती मुलंच चित्रांकडे कमी वळत होती, बाकीच्यांची आवड होती तशीच. म्हणून शाबासकी द्या, पण सौदा करू नका, आणि 'छान' एवढंच न म्हणता या म चा गोल बघ किती सुंदर आलाय असं बोट ठेवून सांगा.

वेळ म्हणाल तर पाच-दहा मिनिटं खूप झाली, हात थकायच्या आत थांबायचं. शाळेतून ढीगभर गिरवायला येत असेल तर अर्धं करून बाईंशी सरळ बोला, पोराला रात्री रडवून पान भरण्यात काही अर्थ नाही. मात्र सात-आठ वर्षांचं होऊनही लिहिताना हात खूप दुखत असेल, अक्षरं आठवतच नसतील, तोंडी सगळं येतं पण कागदावर काहीच उतरत नसेल तर शिक्षा, जास्तीची क्लास वगैरे न करता ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा. डिसग्राफिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही लिहिणंच अवघड जाणं, असू शकतो आणि त्यावर मदत मिळते, पण त्या आधी कितीतरी मुलं वर्षानुवर्षं नुसता ओरडा खात राहतात.