आमदाराने रस्ते-गटारं बघावीत, समतेच्या गोष्टी करू नयेत?

निवडणुका जवळ आल्या की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. समता, सामाजिक न्याय हे विषय दिल्लीचे आहेत. आमदाराने मतदारसंघात निधी आणावा, रस्ते, गटारं आणि सभामंडप करावेत. गावातल्या चालीरीती गाव बघेल, त्यात कायदा घुसला की गावाची एकी मोडते. आणि शेवटी, एकट्या आमदाराच्या हातात असतं तरी काय?

हा मजकूर पुढे पाठवणारे बहुतेक लोक वाईट हेतूने पाठवत नाहीत. खड्ड्यांना कंटाळलेला माणूस असंच बोलणार. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासाशी विसंगत आहे, आणि तो खरा मानला तर नुकसान आपलंच आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

समता दिल्लीत ठरते, हा पहिला दावा. प्रत्यक्षात कितीतरी वेळा ती आधी मुंबईत ठरली आणि दिल्लीने ती नंतर उचलली. कारखान्यात काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणासाठी पगारी रजा देणारा कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभागृहाचे सदस्य होते आणि त्यांनी विधेयकाच्या बाजूने भाषण केलं. देशभरासाठीचा मातृत्व लाभ कायदा यायला १९६१ उजाडलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्या राज्य कायद्यात एक उणीव होती, तो लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्याचा लाभ नव्हता. तरीही अकरा वर्षं आधी ही सुरुवात राज्याने केली. गर्भलिंग चाचणीवर निर्बंध आणणारा कायदा महाराष्ट्रात १९८८ ला आला, केंद्राचा १९९४ ला.

रोजगार हमीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती थेट एका विधिमंडळ सदस्यापासून सुरू होते. वि. स. पागे अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात ती करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिची गरज सगळ्या राज्याला पटली. १९७७ मध्ये कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चाची तरतूद कशी केली ते बघा: शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर रोजगार हमीला जोडला गेला. मुंबईतला कारकून माणदेशातल्या मजूर बाईच्या रोजीत वाटा उचलू लागला. बाई आणि पुरुष यांना एकाच दराने मजुरी, हे तत्त्वही त्यात होतं. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यासमोर हाच अनुभव होता. समता आणि गावातला बांध, पाझर तलाव, रस्ता ही दोन वेगळी कामं आहेत असं मानणाऱ्यांनी या योजनेकडे पाहावं. खडी फोडण्याच्या कामातच समता होती.

आता निधीचा मुद्दा. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाकाठी काही कोटींचा निधी मिळतो. तो कामं सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. ही रक्कम डोळ्यांत भरते, कारण तिच्या कामांवर नावाचा फलक लागतो. पण राज्याच्या अर्थसंकल्पापुढे ती फारच लहान आहे. आमदाराची मोठी ताकद त्या अर्थसंकल्पावर बोलण्यात आणि कपात सूचना देण्यात, म्हणजे एखाद्या खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा असं सुचवून त्याचा कारभार चर्चेला आणण्यात आहे. मागासवर्गीय वस्त्यांसाठी ठेवलेला पैसा दुसरीकडे का वळवला, हे मंत्र्याला उभं करून विचारण्यात आहे.

शिवाय निधी आणला एवढ्याने विषय संपत नाही. तो कुठे पडला? दलित वस्ती सुधार योजनेतला रस्ता वस्तीपर्यंत पोहोचला की अलीकडेच थांबला? पाण्याची टाकी कोणाच्या दारात बसली? पारधी कुटुंबाला रेशनकार्ड आहे का? स्मशानभूमीची शेड सगळ्यांसाठी आहे की प्रत्येक समाजाने आपापली जागा शोधायची? रस्ता, पाणी, शेड ही सगळी स्थानिक कामं आहेत, आणि गावात कोण आत आणि कोण बाहेर हे त्यांतच ठरतं. मला तर वाटतं की समतेचं भान नसलेला आमदार रस्तासुद्धा नीट करू शकत नाही, कारण तो कुणासाठी करायचा हेच त्याला दिसत नाही.

मृणाल गोरे यांचं उदाहरण याच कारणासाठी महत्त्वाचं. गोरेगावात पाण्यासाठी लढल्या म्हणून लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आधी महापालिकेत, मग १९७२ पासून विधानसभेत. गर्भलिंग चाचणीचा प्रश्न पुढे त्यांनीच सभागृहात लावून धरला. नळाचं पाणी आणि मुलीचा जन्म, दोन्ही एकाच लोकप्रतिनिधीच्या कामात बसले, कारण हंडे घेऊन रांगेत उभी राहणारी बाईच दोन्हीकडे होती.

तिसरा मुद्दा सगळ्यांत चिवट आहे: चालीरीतींत कायदा आला की गावाची एकी मोडते, आणि तसंही समाज कायद्याने बदलत नाही. याला उत्तर द्यायला महाडपर्यंत मागे जावं लागतं. महाडचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, त्याआधीचा ठराव फारसा कोणी सांगत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले करावेत, असा तो ठराव होता. तो संमत झाला. महाड नगरपालिकेने त्याला धरून १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तळ्यावर कोणी जाऊ शकलं नाही. अंमलबजावणी होत नाही हे पाहून १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला, की जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हे पाळणार नाही त्याचं अनुदान रोखावं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर कोर्टकचेरी झाली, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

या क्रमातून एकही कडी काढून बघा. नुसत्या ठरावाने तळं खुलं झालं नाही, हे खरं आहे. पण तो ठराव हाती नसता तर तळ्यावर जाणाऱ्या माणसांना आपला हक्क सरकारदरबारीही मान्य झालेला आहे असं म्हणता आलं नसतं. कायदा एकटा समाज बदलत नाही म्हणून तो नकोच, हा युक्तिवाद कुठेच टिकत नाही.

आणि एकीचं म्हणाल तर ती एकी कोणाच्या जिवावर उभी होती, हेही विचारायला हवं. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबांना वाळीत टाकल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली. दुकानातून सामान नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, मयताला खांदा द्यायला कोणी नाही. जातपंचायतींच्या दंडांचे प्रकारही तसेच. या लोकांना दाद मागायला नेमका कायदाच नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, आणि एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाळीत पडलेल्या घरासाठी गावाची एकी केव्हाच मोडलेली असते. कायद्यामुळे त्या घराला गावात परत यायचा रस्ता मिळतो.

गाव स्वतःहून बदलतं हेही खरं आहे, आणि ते अभिमानाने सांगावं असं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. पण परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे. शेजारच्या गावातल्या बाईवर उद्या सक्ती झाली तर तिने कशाच्या आधारावर तक्रार करायची? हा प्रश्न विधानसभेतच सुटू शकतो, आणि तिथे आजही दहा आमदारांमागे एक स्त्री नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, एकटा आमदार काय करणार. यात तथ्य आहे. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं, अधिवेशनं लवकर आटोपतात, अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली विधेयकं क्वचितच संमत होतात. पण संमत न झालेलं विधेयकही वाया जातं असं नाही. कोकणातली खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला झाला. तोपर्यंत विषय जिवंत राहिला, कारण कोणीतरी तो सभागृहाच्या कागदावर आणून ठेवला होता.

तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं), लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा ही साधनं विरोधी बाकावरच्या, पहिल्यांदा निवडून आलेल्या आमदारालाही मिळतात. अनुसूचित जाती कल्याण, अनुसूचित जमाती कल्याण, महिला व बालकांचे हक्क, पंचायत राज अशा विधिमंडळाच्या समित्या जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांना जाब विचारतात. आपला आमदार यांपैकी कुठल्या समितीवर होता, तिथे त्याने काय विचारलं, गेल्या अधिवेशनात वस्तीच्या पाण्यावर किंवा वाळीत टाकलेल्या कुटुंबावर त्याचा एखादा तरी प्रश्न होता का, हे विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदींत सापडतं. पुढच्या सभेला तो आला की रस्त्याबद्दल विचाराच, पण त्याच दमात हेही विचारा.